पितळेचं वाण

पद्मजाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा ती अंगणात उकिडवी बसून एका सायकलशी भांडत होती. नेसूची साडी ऑफिसची, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवलेली नव्हती, आणि हातात स्कूटरच्या चाकात हवा भरायचा पंप. समोरच्या घरात हे कुटुंब येऊन बरेच महिने झाले होते. येता-जाता आम्ही हसत असू. पण दिसणं वेगळं आणि लक्ष जाणं वेगळं. वर्गातही काही मुलं दिवाळीपर्यंत नुसती दिसत राहतात आणि एके दिवशी अचानक कळतात. तसं झालं.

पंपाचं तोंड चाकाच्या नळीवर बसत नव्हतं. ती दाबत होती, पंप निसटत होता, आणि दर खेपेला ती सायकलकडे असं बघत होती की सायकलनंच खोडी काढली आहे. पायरीवर चहा पीत बसलेले तिचे यजमान सुबोधराव म्हणाले, "अगं, तोंड लहान आहे त्याचं. पोराला औषध पाजल्यासारखं बळंच काय भरवतेस?"

"तुम्ही गप्प बसा. सईच्या चाकात पुण्यात हवा भरत होतंच ना कोणीतरी?"

सई त्यांची मुलगी, पुण्यात नोकरीला. तिनं हौसेनं चांगली सायकल घेतली होती. पुढे स्कूटर घेतली आणि सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून आईकडे पाठवून दिली. पद्मजा तेव्हा पन्नाशीच्या आसपास, एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून. लेकीची वस्तू म्हणून तिनं ती सायकल घरातल्या माणसासारखी दारातून आत घेतली होती. अडचण एकच. स्कूटरची हवेची नळी जाड असते, आणि या सायकलीची होती पेन्सिलीच्या टोकासारखी बारीक. तिच्या शेंड्याला फिरकीचं एवढंसं बोंड. घरातला पंप तिला चालेना.

पद्मजा सायकल हातानं ढकलत पंक्चरच्या दुकानात गेली. दुकानदारानं चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "चाकाचं भोक मोठं करतो अन् साधी ट्यूब टाकून देतो की."

"माझ्या लेकीच्या सायकलीला भोक?" असं म्हणून ती तशीच ढकलत परत आली. हे सगळं तिनं मला फाटकात उभं राहून सांगितलं, कारण तिला ते कोणाला तरी सांगायचंच होतं आणि समोर मी होते.

मग एके दिवशी ती रस्ता ओलांडून आली. "बाई, हात पुढे करा."

मी तळहात पुढे केला. तिनं त्यावर हरभऱ्याएवढी एक पितळी वस्तू ठेवली. आतून पोकळ, बाहेरून आटे. सईनं कुरिअरनं पाठवलेला अडॅप्टर.

"आधी ते बोंड डावीकडे फिरवायचं," ती सांगू लागली, "मग बोटानं किंचित दाबायचं, फुस्स झालं पाहिजे. मग हा वरून बसवायचा. की झाली नळी स्कूटरएवढी जाड. आपला साधा पंप चालतो. हवा भरली की हा काढायचा आणि बोंड उजवीकडे घट्ट. हे शेवटचं विसरलं की सगळं फुकट."

इतकी वर्षं मुलांना शिकवूनही एवढ्या थोड्या वाक्यांत मी काही शिकवलं असेल असं मला वाटत नाही. तो अडॅप्टर ती कुंकवाच्या करंड्यात ठेवत असे. करंडा तिच्या आईचा. त्यातलं कुंकू कधीच संपलं होतं.

पुढे आमच्या भागात, जुळे सोलापुरात, सायकलींचं वारं आलं. कोणाला डॉक्टरांनी सांगितलं, कोणाला मुलांनी घेऊन दिली. आमच्या कॉलनीतल्या बायकांचा एक गट तयार झाला. दर रविवारी उजाडताना निघायचं, होटगीच्या तलावापर्यंत जायचं आणि परत यायचं. या नव्या सायकलींच्या नळ्याही बारीकच. पंप घरोघरी होते, पण ते जाड तोंडाचे. अडॅप्टर एकट्या पद्मजाकडे.

म्हणून सगळ्या आधी तिच्या फाटकाशी जमत. मी माझ्या गॅलरीत बसून बघत असे. गुडघ्यांमुळे मला सायकल जमत नाही, बघणं जमतं. पद्मजा स्टुलावर बसे, शेजारी करंडा. एकेक सायकल पुढे येई. ती बोंड फिरवी, फुस्स करी, अडॅप्टर बसवी आणि मगच सायकलवालीला पंप मारू देई. शेवटी अंगठ्यानं टायर दाबून बघे आणि मान हलवी. अडॅप्टरला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे. "दे इकडे, पिन वाकवशील," हे तिचं ठरलेलं वाक्य. पिन म्हणजे नळीच्या आतली बारीक दांडी. कोणाचं चाक आठवड्यात बसतं, कोण कडेच्या काट्यांतून सायकल घालतं, सगळं तिला पाठ. मग चहा. मग फाटकाशी फोटो. त्या फोटोंत पद्मजा नेहमी मधोमध असे, आणि तिच्या हातात पंप एखाद्या मानाच्या काठीसारखा उभा.

"पंपावरची महाराणी निघाली," असं सुबोधराव म्हणत. ती रागवल्याचं दाखवी. पण ते वाक्य ऐकू आलं नाही तर मागे वळून बघे.

आता तिचा एक स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. पद्मजा मायाळू होती, कोणाच्याही दुखण्याखुपण्याला पहिली धावणारी. पण तिला हेवा वाटे. आणि हेवा वाटला की ती भांडत नसे, मागून बोलत नसे. अतिशय सभ्य होत असे. ज्या बाईचा हेवा वाटला तिला दुसऱ्या दिवसापासून 'अहो-जाहो' सुरू. एकदा गणपतीत पलीकडच्या गल्लीतल्या कोणाच्या शेंगांच्या चटणीचं फार कौतुक झालं. पद्मजानं तिच्याकडून कृती अगदी आदरानं विचारून घेतली, आणि त्यानंतर आपल्या घरात शेंगांची चटणी कधी केली नाही. सोलापुरात राहून!

सोनाली कॉलनीत आली ती याच काळात. वैरागच्या शेतकरी घरातली मुलगी, नवरा इथं विम्याच्या कार्यालयात, स्वतः एका दवाखान्यात नर्स. पद्मजापेक्षा वयानं बरीच लहान. मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी, आणि हातात आलेली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकल्याशिवाय चैन न पडणारी. पहिल्याच रविवारी ती स्टुलाशी वाकून बसली.

"काकू, लई भारी हाय की हे! कुठं मिळतं?"

"सईनं पाठवलंय," पद्मजा अभिमानानं म्हणाली.

"आन् सगळ्या तुमच्याकडंच येतात व्हय? दर रविवारी? तुमाला तरास की हो."

"त्रास कसला त्यात!"

हे शेवटचं वाक्य पद्मजानं अगदी मनापासून म्हटलं होतं. सोनालीनं ते आपल्याकडे जसं ऐकतात तसं ऐकलं, म्हणजे भिडेचं म्हणून. त्रास असल्याशिवाय कोणी 'त्रास कसला' म्हणत नाही, असा आपल्या बायकांचा पक्का समज. पुढचं सगळं इथून सुरू झालं.

संक्रांत आली. सोनालीचं सोलापुरातलं पहिलंच हळदीकुंकू. आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. मी आणि पद्मजा शेजारी शेजारी बसलो होतो. तिळगूळ झाला, अत्तर झालं, ओटीत बोरं आणि उसाचे करवे पडले. मग सोनाली ताट घेऊन आली. ताटात कापडाच्या इवल्या पोटल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. ते वाण.

रत्नम्मानं तिथंच पोटली सोडली. रत्नम्मा विणकर घरातली, टॉवेलचा व्यवसाय बघणारी, गटातली सगळ्यांत विनोदी बाई. "हे काय गं? गॅसच्या बर्नरचं बटण?"

"न्हाई ओ! बघा तरी नीट."

"नथीची फिरकी म्हणावी तर फार मोठी आहे. एवढं नाक कोणाचं असतं बाई?"

सगळ्या हसल्या. पद्मजानं आपली पोटली उघडली नव्हती. तिनं ती नुसती दोन बोटांत दाबून पाहिली, टायर दाबून बघावा तशी, आणि तिला कळलं. मी तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा बदलला नाही. फक्त पाठ ताठ झाली.

"हवेचा अडॅप्टर हाय," सोनाली म्हणाली. "सगळ्यांना एकेक. आता ज्येनं त्येनं आपापल्या घरी हवा भरायची. काकूंना तरास न्हाई. किती दिवस त्या एकट्यांनी करायचं, व्हय की न्हाई?"

"खरंच गं, बिचाऱ्या पद्मजाताई," कोणीतरी म्हणालं.

पद्मजा उठली, पदर सारखा केला, आणि मी जे ऐकायला घाबरत होते तेच म्हणाली. "फार छान केलंत हो, सोनालीताई."

सोनाली खुशीनं लाल झाली. तिला बापडीला काय ठाऊक!

पुढच्या रविवारी पद्मजानं स्टूल मांडलं, करंडा ठेवला, पंप उभा केला. आधण ठेवलं. कोणी आलं नाही. उजाडल्यावर सगळ्या कोपऱ्यावर आधीच जमल्याचा आवाज ऐकू आला. सोनाली हाक मारत होती, "काकू, चला की! आम्ही तयार!" पद्मजानं स्टूल आत नेलं आणि आपली सायकल काढली. सुबोधराव पायरीवरून म्हणाले, "काय, दुकान बंद?" मग तिच्या तोंडाकडे पाहून ते गडबडीनं वर्तमानपत्र शोधू लागले.

त्या दिवसापासून मी पद्मजाला मत्सरानं आजारी पडताना पाहिलं, ताप चढताना बघावा तसं. ती गटात जाई, सगळ्यांच्या मागे राही. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसे आणि सोनालीची स्तुती करी. "सोनालीताई किती उत्साही आहेत, नाही?" "सोनालीताईंच्या घरी परवा पोह्यांचा बेत होता म्हणे, सगळ्या गेल्या होत्या." "फोटो आता सोनालीताईंच्या फाटकाशी काढतात. ऊन तिथं चांगलं येतं." प्रत्येक 'ताई' दाताखाली खडा आल्यासारखा.

"तुला बोलावलं नव्हतं का पोह्यांना?" मी विचारलं.

"बोलावलं होतं. मला भूक नव्हती."

एकदा ती म्हणाली, "बाई, त्या माझ्याकडे हवेसाठी यायच्या हो. मला वाटायचं, माझ्यासाठी येतात."

 ते खरंही असू शकत होतं.

वाणातला अडॅप्टर तिच्या घरात तसाच पडून होता. तो तिला वापरवेना. दुसऱ्या कोणाला द्यावा तर तीही वापरणार. आणि वाण काही कचऱ्यात टाकत नाहीत. शेवटी तिनं ठरवलं, देवाच्या वस्तूचं करतो तेच याचं करायचं. पाण्यात सोडायचा. रथसप्तमीनंतरच्या रविवारी तिनं देवघरातलं निर्माल्य कागदी पिशवीत घेतलं, झेंडूच्या सुकल्या फुलांमध्ये तो पितळेचा दाणा खुपसला, आणि पिशवी सायकलच्या पुढच्या थैलीत ठेवली. स्वतःचा, सईनं दिलेला, मुद्दाम घरी करंड्यात ठेवला. आता प्रत्येकीकडे आहे ना? मग मी कशाला वाहायचा?

यातला शेवटचा विचार मोठा मजेचा आहे, कारण त्या दिवशी प्रत्येकीनं तोच केला होता. वाण मिळालं तेव्हापासून कोणी ते देवघरात ठेवलं होतं, कोणी कपबशांच्या कपाटात. हवा घरी भरत, आणि अडॅप्टर घरीच ठेवून येत. वाटेत लागलाच तर पद्मजाताईंकडे असतोच की. इतक्या वर्षांची सवय.

तलावाशी पोचल्यावर सगळ्या थर्मास काढून बसल्या. पद्मजा पिशवी घेऊन एकटीच काठाच्या दगडांकडे गेली. पाणी ओसरून लांब गेलं होतं. ती खाली उतरत होती, तेवढ्यात मागून सोनालीची हाक आली. "अगं बाई, माझी हवा गेली की!"

सोनालीनं सकाळी घाईत हवा भरली होती आणि बोंड घट्ट करायचं विसरली होती. वाटेतल्या धक्क्यांनी मागचं चाक पार जमिनीला टेकलं होतं. रस्त्याच्या कडेला हवा-पंक्चरचं एक खोपटं होतं. तिथल्या माणसानं यंत्राची नळी आणली, चाकाला लावून पाहिली आणि हसला. "हवा लई हाय ताई, पर तोंडच बसत न्हाई. सायकलीला सुई टोचलीया का काय?"

"कोणाकडे अडॅप्टर आहे का गं?" रत्नम्मा ओरडली. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांनी काठाकडे पाहिलं. "पद्मजाताई! तुमच्याकडे असेल ना?"

पद्मजा पाण्यापासून हातभर अंतरावर उभी होती. हातात पिशवी. पुढे काय झालं ते तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि मी ते तिच्याच शब्दांत सांगते. "बाई, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मनात आलं, आता भोगा. हात नुसता सैल सोडायचा होता. फुलांबरोबर गेला असता. मी म्हणणार होते, नाही हो, मी आणला नाही, तुम्हीच म्हणालात ना मला त्रास नको? वाक्यसुद्धा तयार होतं. आणि सोनालीताई सायकल ढकलत घरापर्यंत आल्या असत्या."

"मग?"

"मग मी वर पाहिलं. तर ती बया केसांतला आकडा काढून त्या नळीत खुपसत होती! म्हणे हवा अडकली असेल तर मोकळी करते. ती नळीच्या आतली दांडी वाकवणार होती, बाई. एकदा वाकली की ट्यूब गेली."

आणि पद्मजा ओरडली. काठावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "अगं सोनाली! हात लावू नकोस! पिन वाकवशील!"

ती दगडांवरून चढत धापा टाकत वर आली. पिशवीत हात घातला. झेंडूच्या पाकळ्यांसकट तो अडॅप्टर बाहेर निघाला, अजून त्याच्यावर सोनालीनं लावलेलं कुंकू. डावीकडे बोंड, फुस्स, अडॅप्टर, मग खोपटातली नळी. चाक उठून उभं राहिलं. अंगठ्यानं दाबून पद्मजानं मान हलवली.

मग कोणाचं तरी लक्ष फुलांकडे गेलं.

"अगं, हे वाणातलं!" रत्नम्मा म्हणाली. "बघा गं, आपण कपाटात टाकलं. पद्मजाताईंनी देवाजवळ ठेवलं होतं, फुलं वाहून! आणि नेमानं बरोबर आणलं."

सोनालीचे डोळे भरले. "काकू, तुमी एकट्यांनीच आणलं ओ." आणि रस्त्याच्या कडेला, त्या खोपटापुढं, तिनं वाकून पद्मजाच्या पायांना हात लावला.

"मी काय बोलणार?" पद्मजा मला म्हणाली. "बुडवायला नेला होता हो. आणि ती पाया पडली."

"वाईट वाटलं का?"

तिनं साडीचा काठ चाचपला. "वाईट वाटलं. पण राग जास्त आला. मी तिच्या जागी असते तर लगेच ओळखलं असतं, निर्माल्याची पिशवी घेऊन ही बाई पाण्याकडे कशाला गेली ते. तिच्या डोक्यातही नाही आलं. तिला असलं काही सुचतच नाही, बाई. हेवाच वाटत नाही तिला कोणाचा. आता मला त्याचासुद्धा..." 

मी म्हटलं, "चहा टाकते."

यानंतर सगळ्या पुन्हा पद्मजाच्या फाटकाशी जमू लागल्या असं झालं नाही. सवय मोडली ती मोडली. आता त्या घरी हवा भरतात आणि कोपऱ्यावर भेटतात. फोटोही सोनालीच्याच फाटकाशी, कारण ऊन तिथं खरंच चांगलं येतं. पद्मजा त्यांत कधी डावीकडे असते, कधी उजवीकडे. त्यावरून ती अजूनही धुसफुसते. परवाच म्हणाली, "रत्नम्माताईंना मधे उभं राहायची फार हौस आहे, नाही?" म्हणजे आता तिची पाळी.

सोनालीचा मात्र त्या बोंडावरचा विश्वास उडाला. ते घट्ट झालं की नाही हे तिला स्वतःचं स्वतःला पटत नाही. दर रविवारी ती सायकल घेऊन समोर येते, पायरीवर बसते, वैरागच्या बाजारातल्या गोष्टी मोठ्यानं सांगते, सुबोधरावांच्या वाटणीचा चहा पिते. पद्मजा स्टुलावर. 'ताई' गेली आहे, 'अगं' आलं आहे. पण तोंडावर फार हसू असतं असंही नाही.

करंड्यात आता दोन अडॅप्टर असतात. रविवारी उजाडताना पद्मजा दोन सायकलींत हवा भरते, एक तिची आणि एक सोनालीची.